वाचकांचे प्रश्न : किरणांच्या माऱ्यात सिलिकॉनचे काय होते?

गेल्या काही महिन्यांत विदर्भातील निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय वेगवेगळ्या वाटांनी पुढे आला : सिलिकॉनसारख्या अर्धवाहक पदार्थांवर किरणांचा मारा झाला, तर त्यांचे नेमके काय होते? कोणी शेतातून विचारले आहे, कोणी रुग्णालयाच्या दारातून, तर कोणी महाविद्यालयातून. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : बियाण्याला गॅमा किरण देऊन मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी सोयाबीनचे टीएएमएस ९८-२१ हे वाण तयार केले, असे आम्हांला कृषी सहायकांनी सांगितले होते. मुलाच्या पुस्तकात मात्र असे वाचले, की हेच किरण उपग्रहातील चिप बिघडवतात. एकाच किरणांनी बियाणे सुधारते आणि चिप बिघडते, हे कसे? — एक शेतकरी, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : किरणांनी बियाणे सुधारत नाही. किरणांमुळे बियाण्यातील जनुकीय द्रव्यात ठिकठिकाणी मोडतोड होते, त्यातून उद्भवणारे बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातकच असतात, आणि पुढच्या पिढ्यांतील हजारो झाडांमधून उपयोगी बदल झालेले एखादे झाड हुडकण्याचे काम पैदासकार वर्षानुवर्षे करीत राहतात. वाणाचे श्रेय त्या निवडीला आहे. चिपला पुढची पिढी नसते, त्यामुळे तिच्यात झालेली मोडतोड तिला स्वतःलाच भोगावी लागते.

आता मात्रेकडे पाहू. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. शेंगवर्गीय पिकांच्या बियाण्याला उत्परिवर्तनासाठी साधारणपणे काहीशे ग्रे मात्रा देतात, आणि अंतराळासाठी मुद्दाम न घडवलेल्या कितीतरी चिप याच पट्ट्यात, काही तर त्याच्याही अलीकडे, चुका करू लागतात. पण त्याच गॅमा किरणांखाली तेवढ्याच मात्रेसाठी सिलिकॉनची नुसती चकती ठेवली, तर तिच्यात फारसा फरक आढळत नाही. चिप सिलिकॉनचीच असूनही ती बिघडते आणि चकती टिकते, या एका निरीक्षणात या विषयाचा अर्धा गाभा आहे.

किरणांचा कण पदार्थातून जाताना दोन वेगळ्या गोष्टी करतो. पहिली म्हणजे तो इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जागेवरून सोडवतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची एक जोडी तयार व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे छोटे एकक) ऊर्जा लागते. बियाण्यातील रेणूचा बंध असा तुटला, की रेणूच बदलतो आणि तो बदल नोंदला जातो. सिलिकॉनच्या स्फटिकात मात्र इलेक्ट्रॉन सगळ्या स्फटिकाचे सामाईक असल्यासारखे वागतात, सुटलेल्या जोड्या पुन्हा एकत्र येतात किंवा विजेच्या प्रवाहात वाहून जातात, आणि क्षणभरात मागमूस उरत नाही. अडचण होते ती सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या पातळ, विद्युतरोधक थरात. तेथेही जोड्या तयार होतात, परंतु हलके, चपळ इलेक्ट्रॉन निसटून जातात आणि सावकाश सरकणारे होल सिलिकॉन व ऑक्साइड यांच्या सीमेजवळ अडकून बसतात. हा साठत गेलेला धन प्रभार ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधील विजेची सूक्ष्म कळ, ज्या व्होल्टेजला चालू व्हायचा ते व्होल्टेजच सरकवतो. बंद असायला हवा तो ट्रान्झिस्टर थोडा थोडा प्रवाह गळू देतो, आणि चिप तापते, अडखळते, शेवटी बंद पडते. नव्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या दारावरचा, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या ‘गेट’खालचा, ऑक्साइड इतका पातळ असतो, की त्यात प्रभार फारसा टिकत नाही. तरीही शेजारच्या ट्रान्झिस्टरांना एकमेकांपासून अलग ठेवणारा जाड ऑक्साइड अजूनही त्रास देतो.

दुसरी गोष्ट अधिक खोलवरची आहे. पुरेशा ऊर्जेचा कण अणूच्या गाभ्यावर आदळला, तर अणूच स्फटिकातील आपल्या जागेवरून उखडला जातो. सिलिकॉनच्या अणूला त्यासाठी सुमारे २० ते २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धक्का लागतो. इलेक्ट्रॉन वजनाने फार हलका असल्यामुळे एवढा धक्का देण्यासाठी त्याच्याकडे स्वतःकडे दोन लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असावी लागते. उलट दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन एकाच टकरीत सिलिकॉनच्या अणूला सव्वा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊ शकतो, आणि तो उधळलेला अणू पुढे शेकडो अणूंना ढकलत जातो. उखडलेले बहुतेक अणू लगेच आपल्या जागी परततात. जे परतत नाहीत, त्यांच्या रिकाम्या जागा सामान्य तापमानालाही स्फटिकातून भटकत राहतात, आणि वाटेत ऑक्सिजनचा, फॉस्फरसचा किंवा दुसऱ्या रिकाम्या जागेचा आश्रय मिळाला, की तेथे स्थिरावून कायमचा दोष तयार करतात. असा दोष इलेक्ट्रॉन आणि होल यांना वेळेआधीच गिळतो. सौरघटाची वीज कमी होते, ट्रान्झिस्टरची वर्धनशक्ती घटते, कॅमेऱ्याच्या चित्रात अंधारातही पांढरे ठिपके उमटतात.

म्हणून ‘किती रेडिएशन?’ एवढाच प्रश्न या विषयात अपुरा पडतो. कण कोणता, प्रत्येक कणाची ऊर्जा किती, आणि तो ऑक्साइडला इजा करतो की स्फटिकाला, हे विचारल्याशिवाय मात्रेच्या आकड्याला अर्थ येत नाही. पुढच्या दोन पत्रांची उत्तरेही याच विचारावर उभी आहेत.

प्रश्न : शेतात सौर कृषी पंप बसवून तीन उन्हाळे झाले. बांधापलीकडे मोबाइलचा टॉवर उभा राहिला आहे. एप्रिल-मे महिन्यात ऊन कडक असूनही पंप पाणी कमी देतो. टॉवरच्या रेडिएशनने पॅनेल खराब होत आहेत का? आणि एवढे ऊनच पॅनेलला मारत नसेल ना? — एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : टॉवरला या बाबतीत पूर्णपणे निर्दोष मानावे. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीतील एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लक्षांशाहूनही कमी असते, तर सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला किमान १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे फोटॉन जवळजवळ दीड लाख पटींनी कमी पडतो. टोपलीभर भुसा उधळल्याने कौल फुटत नाही, गोफणीतला एक गोटा मात्र ते फोडतो. फोटॉन किती आले यापेक्षा प्रत्येकाच्या अंगी किती बळ आहे, याला येथे महत्त्व आहे.

उन्हाच्या बाबतीतही अणू उखडले जाण्याची भीती नाही. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांच्या फोटॉनची ऊर्जा चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास संपते. मात्र तेवढ्या ऊर्जेने काचेखालील प्लॅस्टिकचा थर वर्षानुवर्षे पिवळट होऊ शकतो. शिवाय बोरॉन मिसळून तयार केलेल्या सौरघटांत पहिल्या काही तासांच्या व दिवसांच्या उन्हातच बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या जोडणीतून दोष तयार होतो आणि वीज एक ते तीन टक्क्यांनी घटते. ही घट एकदाच होते. अलीकडे बोरॉनऐवजी गॅलियम वापरून ती टाळण्याकडे कल आहे.

आपल्या मे महिन्याचे खरे कारण उष्णता आहे. पॅनेलची लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची वीज साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी उतरते. विदर्भात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले, की पॅनेलमधील सिलिकॉन ६५ ते ७० अंशांपर्यंत सहज पोहोचते, आणि बेरीज सोळा-सतरा टक्क्यांच्या घरात जाते. त्यात काचेवर बसलेली धूळ आणि विहिरीची खोल गेलेली पातळी यांची भर पडते. काच सकाळी, पॅनेल थंड असताना, धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पावसाळ्यानंतर वीज पुन्हा वाढली, तर पॅनेल शाबूत आहेत, असे समजावे.

या पत्राच्या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंपाच्या नियंत्रकातील उच्च विद्युतदाबाच्या अर्धवाहक उपकरणांना आकाशातून येणाऱ्या किरणांपासून खरोखर थोडा धोका असतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रॉन तयार होतात, त्यांपैकी काही जमिनीपर्यंत येतात, आणि भरपूर व्होल्टेज पेलत असलेल्या उपकरणात एखाद्याने नेमक्या जागी टक्कर दिली, तर ते क्षणात जळू शकते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात उच्च दाबाची अशी उपकरणे विनाकारण निकामी होत असल्याचे दिसले, तेव्हा अभियंत्यांनी ती मिठाच्या खाणीत खोलवर नेऊन चालवून पाहिली. तेथे बिघाड थांबला, आणि कारण आकाशात असल्याची खात्री पटली. तेव्हापासून उपकरणांना त्यांच्या कमाल क्षमतेपेक्षा बरेच कमी व्होल्टेज देण्याची पद्धत रूढ झाली.

प्रश्न : माझ्या आईला पेसमेकर बसवलेला आहे. आता तिला स्तनाच्या कर्करोगासाठी नागपूरला रेडिएशन घ्यायला सांगितले आहे. गावात सगळे म्हणतात की मशीन बंद पडेल, आणि आई उपचारालाच नको म्हणते आहे. काय करावे? — एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : आईंनी उपचार टाळू नयेत, हे आधी मनापासून सांगतो. पेसमेकर असलेल्या रुग्णांना रेडिएशन देण्याची पद्धत सर्वत्र ठरलेली आहे. मात्र पेसमेकर आहे ही माहिती रेडिएशन विभागाला पहिल्याच भेटीत द्यायला हवी, आणि पेसमेकरसोबत मिळालेले ओळखपत्र न विसरता सोबत न्यायला हवे.

भीतीला आधार आहे, पण तो गावात सांगतात तेवढा मोठा नाही. पेसमेकरमधील चिप वर सांगितलेल्या ऑक्साइडच्या नियमातून सुटलेली नाही, म्हणून उपकरणावर किरणांचा थेट झोत येऊ देत नाहीत, आणि बाजूने पोहोचणारी एकूण मात्राही आधी मोजून शक्यतो २ ग्रेच्या आत ठेवतात. गाठीला दिली जाणारी मात्रा सुमारे ४० ते ५० ग्रे असते. ती गाठीपुरती राखणे हेच तर त्या विभागाचे कौशल्य आहे. दुसरी काळजी यंत्राच्या ऊर्जेची. १० मेगाव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेच्या झोतात न्यूट्रॉन तयार होऊ लागतात, आणि काही चिपमधील बोरॉन हे न्यूट्रॉन पकडून लगेच अल्फा कण बाहेर टाकतो. तो कण स्मृतीतील एखादी नोंद उलटवतो आणि पेसमेकर स्वतःच्या मूळ, सुरक्षित पद्धतीवर जाऊ शकतो. उपकरण तुटत नाही, फक्त त्यातील नोंदी बाहेरून नव्याने लावून द्याव्या लागतात. यासाठी अशा रुग्णांना ६ मेगाव्होल्टच्या झोताने उपचार करणे पसंत करतात.

आपण डॉक्टरांना पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : उपचाराआधी हृदयरोग विभागाकडून पेसमेकरची तपासणी होणार का, उपकरणाजवळची मात्रा मोजणार का, उपचार चालू असताना नाडीवर लक्ष कोण ठेवणार, आणि शेवटच्या दिवसानंतर पुन्हा तपासणी केव्हा. गाठ आणि पेसमेकर एकाच बाजूला अगदी जवळ असतील, तर क्वचित तो दुसऱ्या बाजूला हलवतात. तो निर्णय दोन्ही विभागांनी मिळून घ्यायचा असतो. उपचाराच्या काळात आईंना भोवळ आली किंवा धाप लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.

प्रश्न : किरण दिलेली चिप स्वतः किरणोत्सर्गी होते का? आणि अर्धवाहकांना किरणांचा काही फायदा असतो का? — एक शिक्षक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी होत नाही, न्यूट्रॉनांनी होते, आणि फायदाही नेमका तेथेच आहे. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये सुमारे तीन टक्के अणू सिलिकॉन-३० या प्रकारचे असतात. अणुभट्टीत अशा अणूने सावकाश चालणारा एक न्यूट्रॉन पकडला, की तो सिलिकॉन-३१ होतो, आणि सुमारे २.६ तासांच्या अर्धायुकालाने त्याचे रूपांतर फॉस्फरसमध्ये होते. अर्धवाहकात मिसळायला हवा असतो तो हाच फॉस्फरस. सिलिकॉन-३० संपूर्ण स्फटिकात सारखा पसरलेला असल्याने आणि न्यूट्रॉन खोलवर जात असल्याने फॉस्फरसही इतका एकसारखा पसरतो, की वितळवून मिसळण्याच्या पद्धतीने ते साधत नाही. किरणोत्सर्ग ओसरल्यावर सिलिकॉनला सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून उखडलेले अणू जागेवर बसवतात.

असे सिलिकॉन मोठ्या थायरिस्टरसाठी, म्हणजे प्रचंड वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक उपकरणासाठी, वापरतात. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याकडे ७५० किलोमीटरहून लांब जाणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश (डीसी) वीजवाहिनी आपल्या वाचकांना परिचित आहे. तिच्या दोन्ही टोकांना विजेचे रूपांतर थायरिस्टरांच्या रांगाच करतात.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षात आहे. मला या विषयात संशोधन करायचे आहे, पण आमच्याकडे त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) तर नाहीच, चांगली प्रयोगशाळाही नाही. सगळे शोधून झाले असेल, तर आम्ही काय करणार? — एक विद्यार्थिनी, ता. अहेरी

उत्तर : सगळे शोधून झालेले नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह सोडला. स्फोटाने वाढलेल्या किरणांच्या पट्ट्यातून फिरताना त्याचे ट्रान्झिस्टर काही महिन्यांतच ढासळले. अभियंत्यांनी त्यांच्यावरचे व्होल्टेज काढून घेतले, तेव्हा काही काळ ते सावरलेही. फेब्रुवारी १९६३मध्ये मात्र उपग्रह कायमचा गप्प झाला. साठ वर्षांनंतर, २०२३च्या अखेरीस, गुरूभोवती फिरणाऱ्या ज्युनो यानाच्या कॅमेऱ्याची चित्रे किरणांमुळे बिघडली, तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी कॅमेऱ्याला नेहमीपेक्षा अधिक तापवले, आणि ३० डिसेंबरला यान आयो या चंद्राजवळून जाण्याच्या थोडे आधी चित्रे पुन्हा स्वच्छ येऊ लागली. २०२४मध्ये गुरूच्या युरोपा या चंद्राच्या अभ्यासासाठी निघालेल्या युरोपा क्लिपर यानाचे ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी मात्रेत बिघडतात असे प्रक्षेपणाच्या तोंडावर आढळले, आणि गुरूच्या तीव्र किरणपट्ट्याबाहेर मिळणाऱ्या काळात ते कितपत सावरतात, याचा हिशोब मांडल्यानंतरच ऑक्टोबरमध्ये यान सुटले. दोष कसा तयार होतो याइतकेच तो कसा आणि कधी मिटतो, हे या विषयातील जिवंत काम आहे. सिलिकॉन कार्बाइड, गॅलियम नायट्राइड, गॅलियम ऑक्साइड आणि पेरोव्हस्काइट सौरघट यांच्याबाबत तर ते आणखी तरुण आहे.

त्वरक आपल्या महाविद्यालयात असण्याची गरज नाही, आणि देशातील बहुतेक संशोधकांकडे तो नसतोच. नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात १५ यूडी पेलेट्रॉन हा त्वरक आहे. विद्यापीठांतील संशोधक प्रस्ताव पाठवतात, तो मंजूर झाला की जड आयनांचा (विद्युतप्रभारित अणूंचा) झोत मिळतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील मायक्रोट्रॉन या त्वरकावर ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांनी अर्धवाहकांवर अनेक वर्षे काम झाले आहे. नागपूर विद्यापीठात किरणांनी प्रकाशमान होणाऱ्या पदार्थांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. ते पदार्थ विद्युतरोधक असले, तरी दोष, सापळे आणि त्यांत अडकलेले प्रभार यांचा विचार तोच आहे, त्यामुळे तेथील मार्गदर्शकांशी बोलणे आपल्याला दूर पडणार नाही. किरणोत्सर्गी स्रोत स्वतः मिळवण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि ती योग्यच आहे.

तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, स्रिम ही विनामूल्य संगणक प्रणाली. कोणता आयन, किती ऊर्जेचा, कोणत्या पदार्थात किती खोल जातो आणि वाटेत किती अणू उखडतो, याचा अंदाज ती साध्या संगणकावर देते. शंभर दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन नमुन्याच्या आरपार जाईल की आतच थांबेल, हे आधी समजल्याशिवाय कोणतेही केंद्र प्रस्तावाकडे गांभीर्याने पाहत नाही.

दुसरी, मोजमापाचा हात. डायोडचा प्रवाह-व्होल्टेज आलेख, धारकता-व्होल्टेज आलेख आणि सौरघटाचा अंधारातील प्रवाह ही मोजमापे महाविद्यालयातील उपकरणांवरही नीट करता येतात. सूक्ष्म दोषांची पातळी सांगणारी डीएलटीएस पद्धत १९७४ मध्ये पुढे आली, आणि तीही मुळात डायोडची धारकता तापमानानुसार कशी सावरत जाते हेच पाहते. बाजारात मिळणारे एकाच गटातील वीस डायोड घ्यावेत, प्रत्येकावर खूण करावी आणि एकाच तापमानाला प्रत्येकाचा उलट दिशेचा प्रवाह अनेकदा मोजावा. किरण न देताच त्यांच्यात किती फरक आढळतो, हे कळल्याशिवाय किरणांमुळे पडलेला फरक ओळखता येत नाही, आणि प्रस्तावाच्या छाननीत हाच प्रश्न हमखास विचारला जातो. पुढे झोत मिळेल तेव्हा त्यांतले पाच डायोड तुलनेसाठी प्रवासात सोबत न्यावेत, पण झोतात ठेवू नयेत. किरण दिल्यानंतरचे पहिले मोजमाप केव्हा घेतले, आणि मधल्या काळात नमुने कोणत्या तापमानाला होते, याची तास-मिनिटांसह नोंद ठेवावी. अहेरीच्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलेला नमुना आणि थंडपेटीत ठेवलेला नमुना आठवड्यानंतर एकसारखे राहतीलच असे नाही.